पाटणकरांची कल्हई

दुसऱ्याच्या घरी गेल्यावर माणसं चपला काढतात, टेकतात, पाणी मागतात. मधुकर पाटणकर आधी नख ओढायचे. उजव्या अंगठ्याचं नख त्यांनी खास वाढवलेलं होतं आणि चकाकणारी कुठलीही वस्तू दिसली की ते तिच्यावर फिरायचं. दाराची कडी, टीपॉयचे पाय, बेसिनचा नळ, पाण्याचा पेला. मग मान तिरकी करून निकाल लागायचा, "वहिनी, हे प्लेटिंग नव्हे. नुसता मुलामा आहे. फसवलं तुम्हाला." एवढं ऐकवून झालं की ते बसायचे आणि आम्ही फसून घेतलेल्या पेल्यातलं पाणी प्यायचे.

नव्वदच्या दशकात आम्ही बर दुबईत राहत होतो, देवळाच्या गल्लीपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. समोरचं दार पाटणकरांचं. ते, त्यांच्या पत्नी नलूताई आणि उशिरा झालेली एकुलती एक मुलगी केतकी. माझा नवरा सुधीर आणि पाटणकर दोघं हमरिया फ्री झोनमधल्या एकाच कारखान्यात होते. तिथे बाथरूमचे नळ आणि शॉवर बनायचे. सुधीर खरेदी बघायचा आणि पाटणकर त्या नळांवर निकेल चढवणाऱ्या विभागाचे मॅनेजर होते. त्याआधी त्यांनी चिंचवडला एका स्कूटरच्या कारखान्यात उमेदीची सगळी वर्षं बंपर चमकवण्यात घालवली होती. "पुण्याच्या रस्त्यावर ज्या बंपरमध्ये तुम्ही तोंड पाहिलंत ना वहिनी, तो माझा," असं त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं. मी बंपरमध्ये कधीच तोंड पाहिलेलं नव्हतं, पण ते सांगायला मला सवड मिळाली नाही. पाटणकर बोलायला लागले की समोरच्याला सवड मिळत नसे.

चूक हा प्रकार त्यांच्या आयुष्यात घडतच नसे. काही बिघडलंच तर त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "मूळ धातूच हलका." निकेलचे पापुद्रे सुटले, धातू हलका. केतकीला गणितात कमी मार्क पडले, शाळेचा धातू हलका. ती शाळा म्हणजे ऊद मेथा भागातली आमची भारतीय शाळा, आणि तिथे गणित मीच शिकवायचे. माझ्या तोंडावर हे बोलताना त्यांची पापणी लवली नाही. नलूताई मात्र दुसऱ्या दिवशी वाटीभर साखरभात घेऊन आल्या. नवऱ्याच्या जिभेनं केलेली घाण त्या बाई आयुष्यभर अशा वाट्या पोचवून निस्तरत होत्या.

माझ्या आईचा एक पितळी पेढेघाटी डबा होता. तिनं मला लग्नात दिलेला. महिन्या-दोन महिन्यांनी मी त्याला चिंच लावून घासायचे, लख्ख करून फडताळात वरच्या खणात ठेवायचे. परक्या देशात आपलं काहीतरी घरात असावं, एवढाच त्याचा उपयोग. एक दिवस मी शाळेतून आले तर डबा जागेवर नाही. सुधीर म्हणाला, "पाटणकर घेऊन गेलेत. सरप्राइज आहे म्हणाले." आठवड्यानं सरप्राइज आलं. डबा दवाखान्यातल्या ट्रेसारखा पांढराफेक. "चिंच लावायची कटकट आता खलास," पाटणकर म्हणाले, आणि मी आभार मानते का म्हणून उभे राहिले. पावसाळ्याच्या सुट्टीला भारतात जाऊन आलो तोवर त्या निकेलला फोड आले, पापुद्रे उडाले, आणि खालचं पितळ गजकर्णासारखं दिसायला लागलं. मी डबा त्यांच्यापुढे आपटला. त्यांनी नख ओढलं. "तुम्ही चिंच लावली असणार," ते म्हणाले. "आणि खरं सांगू का, मूळ धातूच..."

पुढचं मी ऐकून घेतलं नाही. त्या डब्यासाठी मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

हे सगळे उद्योग ते घरी करायचे. घरी म्हणजे बाथरूममध्ये. कारखान्यात एवढ्या मोठ्या टाक्या असताना घरच्या बाथटबात प्लास्टिकचे टब ठेवून, त्यांत ते निकेलचं हिरवंगार पाणी भरून, बॅटरी चार्ज करायच्या यंत्राच्या वायरी त्यात सोडून या माणसाला काय सुख मिळत होतं कोण जाणे. आंघोळीला नलूताई आणि केतकी आमच्याकडे यायच्या. नलूताईंच्या बोटांवर कायम चट्टे असायचे. निकेलच्या पाण्यानं उठणारी ती खाज होती, हे पाटणकरांना जगात कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक असणार. ते म्हणायचे, "उष्णता आहे. सब्जा घे." केतकी मात्र आईसारखी गप्प बसणारी नव्हती. "बाबा, इट्स टॉक्सिक. अदर पीपल हॅव अ बाथरूम," असं ती माझ्या देखत म्हणायची. पाटणकर हसायचे. "खल्ली वल्ली!" म्हणायचे.

हे 'खल्ली वल्ली' गल्फमधल्या सगळ्या भारतीयांच्या तोंडी असायचं. जाऊ दे, सोड, कशाला डोक्याला ताप, अशा अर्थानं. पाटणकर ते उठताबसता म्हणायचे, कारण त्यांचा असा समज होता की आपल्याला अरबी येते. त्यामागे त्यांचं संशोधन होतं. अरबी म्हणजे निम्मी मराठीच. हिशेब अरबी, तारीख अरबी, वकील, मालक, साबण, सगळं अरबी. "आणि आमची कल्हई! तीही अरबी. हे लोक घशातून बोलतात म्हणून आपल्याला कळत नाहीत, एवढंच. क चा ख होतो, दुसरं काय?" यावर वाद घालायला जावं तर ते एका सरकारी खिडकीवरचा किस्सा सांगायचे. तिथे कागदावर चुकीची तारीख पडली होती, दोन वेळा खेटे घालून काम होत नव्हतं, आणि तिसऱ्या वेळी पाटणकरांनी खिडकीत मान घालून ठणकावलं, "तारीख गलत, हिशेब गलत, मालक नाराज!" आतला माणूस हसला आणि त्यानं तारीख बदलून दिली. हे खरंच घडलं होतं, सुधीर साक्षीला होता. घडलं नसतं तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून ते अरबी शिकवायलाच निघाले.

पुढे त्यांची साठी जवळ आली, आणि पहिल्यांदाच त्या घरात काळजी शिरली. साठीनंतर कामाचा व्हिसा सहज वाढत नसे. मालकानं स्वतः सही करून विनंती केली तरच काही आशा. केतकी तेव्हा अकरावीत होती. बापाचा व्हिसा गेला की आईचा आणि तिचाही गेला. म्हणजे डिसेंबरात, अकरावी अर्धवट टाकून, अभ्यासक्रम वेगळा, मैत्रिणी नाहीत, मराठी धड लिहिता येत नाही, अशी ती पोर पुण्याच्या कुठल्यातरी कॉलेजात जाऊन पडणार. वर्ष तर नक्कीच बुडणार. दुबईतच जन्मली होती ती, पुणं तिला सुट्टीपुरतं माहीत. नलूताई माझ्या स्वयंपाकघरात बसून एकदाच म्हणाल्या, "तिची बारावी होऊ दे हो इथे. मग मला कुठंही न्या." पाटणकर म्हणायचे, "अरबाब माझ्या खिशात आहे."

अरबाब म्हणजे कारखान्याचा स्थानिक मालक. त्याचं खरं नाव कामगारांत कुणी घेत नसे, सगळे अरबाबच म्हणत. सत्तरीचा, हळू बोलणारा, मऊ माणूस. त्याचा बाप जहाजांवर माल घेऊन मुंबईला ये-जा करणारा व्यापारी होता, आणि त्यानं त्या काळी मुंबईहून एक रिव्हॉल्व्हर आणलेलं होतं, निकेल चढवलेलं. आता बाप गेला होता. रिव्हॉल्व्हरचं आतलं यंत्र कधीच काढून टाकलेलं, परवाना घरात फ्रेम करून लावलेला, आणि ते नुसतं आठवण म्हणून मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, काचेच्या कपाटात असायचं. समुद्राच्या हवेनं त्याला गंजाचे ठिपके पडले होते. पाटणकर सहीचा विषय काढायला म्हणून अरबाबच्या घरी गेले आणि सवयीनं त्यांची नजर कपाटावर गेली. सहीचं राहिलं बाजूला. ते येताना रिव्हॉल्व्हर घेऊन आले.

जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून आणलं. सुधीर त्यांच्या शेजारी गाडीत बसला होता आणि त्याला हे बर दुबईत पोचल्यावर कळलं. त्याची पाचावर धारण बसली. "अहो, पोलिसांनी अडवलं असतं तर? मी पण गेलो असतो ना तुमच्याबरोबर!"

"पोलीस सॅल्यूट ठोकेल, सॅल्यूट. अरबाबचं काम आहे," पाटणकर म्हणाले. "कारखान्यात करत नाही ते एवढ्याचसाठी. सगळे बघणार, गावभर होणार. घरी करतो. असं करतो की त्याच्या बापानं मुंबईच्या दुकानात पाहिलं असेल तसं. आणि मग बघतो सही कशी देत नाही!"

त्यानंतर दोन-तीन आठवडे समोरच्या दारातून आंबूस वास येत राहिला. नलूताई आणि केतकी आमच्याकडे आंघोळीला, आणि हा बाबा आत दार लावून. केतकी एकदा केस पुसत म्हणाली, "ही इज डुइंग इट फॉर माय ट्वेल्थ, ही सेज. आय डिडन्ट आस्क हिम टू." तरी तिच्या आवाजात आशा होती, ती काही लपली नाही. मलाही वाटायचं की निदान एकदा तरी या माणसाच्या खटाटोपातून कुणाचं भलं होऊ दे.

काम संपलं ते नेमकं खंडेनवमीला. दुबईत खंडेनवमीला शस्त्र म्हणून आम्ही काय पुजणार? गाडीची किल्ली, कॅल्क्युलेटर, फार तर स्वयंपाकघरातली सुरी. त्या वर्षी पाटणकरांनी मजल्यावरच्या सगळ्या मराठी मंडळींना तीर्थप्रसादाला बोलावलं. पाटावर लाल कापड, त्यावर स्क्रूड्रायव्हर, पक्कड, केतकीचा कॅल्क्युलेटर, आणि मध्यभागी झेंडूची माळ घातलेलं, हळदकुंकू लावलेलं ते रिव्हॉल्व्हर. आरशासारखं. त्यात ट्यूबलाइट, पंखा आणि आमचे सगळ्यांचे चेहरे दिसत होते. मला आवडत नसलेल्या माणसाचं काम असलं तरी खोटं कशाला बोलू, सुंदर झालं होतं. बँकेतले, विमा कंपनीतले, चांगले शिकलेसवरलेले पुरुष हातात अक्षता घेऊन एका पिस्तुलापुढे हात जोडून उभे होते. एरवी मी पोट धरून हसले असते.

पूजा झाली आणि भाषण सुरू झालं. दारात हुसेनचाचा उभे होते. हे अरबाबच्या घरचे जुने ड्रायव्हर, दापोलीकडचे, पंचवीस-तीस वर्षं त्या कुटुंबात काढलेले. पाटणकरांना आणि वस्तूला घेऊन जायला ते आले होते. प्रसादाचा द्रोण हातात धरून तेही ऐकत होते.

"इथे," पाटणकर मुठीच्या मागच्या बाजूला बोट ठेवून म्हणाले, "इथे निकेल पार गेलेलं होतं. केवढा तरी मोठा काळा डाग. बाकी सगळं अरबाबनं नुसतं हातानं दाखवलं, पॉलिश, पॉलिश म्हणून. पण इथे मुद्दाम बोट ठेवून सांगितलं. काय सांगितलं? 'हादा खल्ली.' हादा म्हणजे हे. आणि खल्ली म्हणजे? ओळखा! कल्हई! मी तुम्हाला किती वर्षं सांगतोय? ह्याला कल्हई कर, म्हणाला. मग मी आधी जुनं सगळं उतरवलं, तो डाग घासून घासून सपाट केला..."

हुसेनचाचांच्या हातातला द्रोण कलंडला. "पाटणकरसायेब," ते म्हणाले, "खल्ली म्हंजे कल्हई नाय. खल्ली म्हंजे ऱ्हाऊ दे. हात लावू नको, तसंच ठेव."

पाटणकरांचं बोट मुठीवरच राहिलं.

"त्यो डाग अरबाबच्या बापाच्या हाताचा हुता," हुसेनचाचा म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "जल्मभर धरून धरून तिथला रंग गेलेला. म्हातारा गेल्यापासून अरबाब तिथं अंगठा ठेवून बसतो. मी रोज बघतो."

उठताबसता खल्ली वल्ली म्हणणाऱ्या माणसाला खल्लीचा अर्थ कळला नाही! मला तेव्हा दया बिया काही आली नाही. मला माझा डबा आठवला आणि मनात म्हटलं, घ्या आता. पण लगेच केतकीकडे लक्ष गेलं. ती पाटाकडे बघत होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. नलूताई हलक्या आवाजात म्हणाल्या, "अहो, खरं काय ते सांगून टाका त्यांना." पाटणकरांनी रिव्हॉल्व्हरवरची माळ काढली, हळदकुंकू रुमालानं पुसलं. "हुसेनला काय कळतंय," ते म्हणाले. "ड्रायव्हर आहे तो. नवं दिल्यावर जुनं कोण मागतो? खल्ली वल्ली!" आणि सहीचा कागद खिशात घालून, डब्याची पिशवी काखोटीला मारून ते हुसेनचाचांच्या मागून जिना उतरले. आम्ही सगळे प्रसाद तसाच ठेवून आपापल्या घरी गेलो.

संध्याकाळी ते परत आले. आम्ही दोघं नलूताईंजवळच बसलो होतो. केतकी दारातच उभी राहिली. "डिड ही साइन?"

"अरबाब बेहद्द खूश," पाटणकर सोफ्यावर बसत म्हणाले. "माशाल्ला म्हणाला. हातात घेऊन बघतच राहिला. लगेच पेन काढलं."

"सो?"

"मीच नको म्हटलं."

केतकी हसली. वाईट हसली. "यू सेड नो. यू."

"हो. नको म्हटलं. काय ठेवलंय इथे? नुसती वाळू. पुण्याची कॉलेजं इथल्या शाळांच्या तोंडात मारतील. शिवाय हवा..."

ती आत गेली आणि तिनं दार आपटलं. मीही उठले. यांच्याशी बोलण्यात काय अर्थ होता? त्या म्हाताऱ्या मालकानं झाला प्रकार बघून कागद तोंडावर फेकला असणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आणि हा माणूस पोरीचं वर्ष घालवून वर स्वतःचाच टेंभा मिरवत होता. दुसऱ्या दिवशी सोनं द्यायला आले तेव्हाही तेच. लिफ्टमध्ये भेटेल त्याला, भाजीवाल्याला, मंडळाच्या सेक्रेटरीला, सगळ्यांना तेच: मीच नको म्हटलं. लोक तोंडावर "वा, वा" करायचे आणि पाठ वळली की हसायचे. मी तर तोंडावरही वा म्हटलं नाही. शाळेत केतकीचं नाव काढायचा अर्ज माझ्याच टेबलावरून पुढे गेला. त्या दिवशी ते समोर दिसले असते तर मी काय बोलले असते, माझं मला सांगता येत नाही.

पुढचे दोन महिने सामान बांधण्यात गेले. केतकी बापाशी बोलत नव्हती. मराठीत नाही आणि इंग्रजीतही नाही. निघायच्या दिवशी सुधीरला कारखान्यातून सुटी मिळाली नाही, म्हणून विमानतळावर सोडायला अरबाबनं आपली मोठी गाडी आणि हुसेनचाचांना पाठवलं. एवढं सामान आणि ते तिघं म्हटल्यावर मी पुढे चाचांच्या शेजारी बसले. विमानतळावर पाटणकर ट्रॉली शोधायला गेले, नलूताई आणि केतकी बॅगांजवळ थांबल्या, आणि डिकी उघडता उघडता मी चाचांना म्हटलं, "अरबाब चांगला माणूस म्हणायचा. ज्यानं बापाची आठवण पुसली त्याला गाडी पाठवतो."

"त्यांनी पुसली म्हणून नाय पाठवली," चाचा म्हणाले. "बाई, मी तिथंच गाव्याची किटली घेऊन उभा हुतो. सगळं माझ्या डोळ्यांम्होरं झालं." गावा म्हणजे तिथली कडू कॉफी. मग डिकीवर हात ठेवून त्यांनी मला सांगितलं.

अरबाबनं रिव्हॉल्व्हर हातात घेतलं. माशाल्ला म्हणाला. आणि बोलता बोलता त्याचा अंगठा मुठीच्या मागे गेला आणि तिथे शोधत राहिला. चेहऱ्यावर त्यानं काही दिसू दिलं नाही. पाहुण्याला वाईट वाटेल असं तो कधीच वागत नाही. उलट त्यानं कागद मागितला, पेनाचं टोपण काढलं. पाटणकरांनी कागद पुढे केला आणि मग त्याच कागदावर पंजा ठेवला. आपल्या त्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाले, "नहीं अरबाब. ये काम मेरे से बिगड़ गया. बाबा का हाथ मैं घिस डाला. हमारे धंदे में रिजेक्ट पीस का बिल नहीं बनता."

"मग?" मी म्हटलं.

"अरबाबनं डोळे पुसले. किटली माझ्या हातातनं घेऊन स्वतः त्यांना गावा वतला. चार दिवसांनी मला म्हणाला, जा, तो कागद घेऊन ये, सही करतो. मी आलो घरी मागायला. पाटणकरसायेब म्हणाले, फाडला."

मला भरून बिरून आलं नाही, संताप आला. तत्त्व यांचं आणि वर्ष पोरीचं! यांच्या धंद्याचा नियम पाळायला केतकीची बारावी कशाला? चारचौघांत चूक कबूल करायला जीभ रेटत नाही, बायकोला सब्जा घ्यायला सांगतात, माझ्या डब्याला धातू हलका म्हणतात, आणि एका परक्या म्हाताऱ्यापुढे एकदम हे? पण संताप होता तसाच राहून त्याच्या शेजारी आणखी काहीतरी येऊन बसलं, आणि त्याला हाकलता मला येईना. त्या मजलिसमध्ये मी असते तर मी सही घेऊन आले असते. तुम्हीही घेतली असती.

पाटणकर ट्रॉली घेऊन आले. बॅगा चढवल्या. केतकी पाठ फिरवून उभी होती. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, आणि बसावं असं मला वाटलंही नाही.

"केतकी," मी म्हटलं, "तुझे बाबा खरं बोलले होते. अरबाब सही करत होता. यांनीच करू दिली नाही. काम बिघडलं होतं म्हणून."

ती वळली. माझ्याकडे बघितलं, चाचांकडे बघितलं. चाचांनी मान हलवली. मग ती बापाकडे बघायला लागली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच.

"बाबा? यू रियली स्टॉप्ड हिम?"

"सांगितलं होतं की," पाटणकर म्हणाले. ते खरोखरच गोंधळलेले दिसत होते. "त्याच दिवशी सांगितलं. सगळ्यांना सांगितलं, मीच नको म्हटलं म्हणून. तुम्ही हसत होतात."

नलूताईंनी पदर तोंडाला लावला.

"यू शुड हॅव लेट हिम साइन," केतकी म्हणाली. ती रडत नव्हती. "इट वॉज माय इयर, बाबा."

मला वाटलं, आता पुण्याची कॉलेजं येणार, हवा येणार, हलका धातू येणार. ट्रॉलीच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून पाटणकर खाली बघत राहिले.

"हो," ते म्हणाले. "त्या दिवशी परतताना गाडीत बसल्या बसल्या मलाही तसंच वाटलं."

मग आतून त्यांच्या विमानाच्या चेक-इनचा पुकारा झाला. नलूताईंनी मला मिठी मारली, चाचांनी पाटणकरांचा हात हातात घेतला. ते तिघं दारातून आत गेले तेव्हा मी बघितलं, ट्रॉली केतकी ढकलत होती आणि पाटणकर तिच्या बाजूने मोकळ्या हातांनी चालत होते.